विहीणबाईंची नदी

४ फेब्रुवारी १९९८, बुधवार

ही डायरी गेल्या सालची आहे. माझा मुलगा भानुदास इथे दुबईत एसी बसवायची कामं घेतो, त्याला कुठल्या कंपनीने दिली होती. कोरीच राहिली म्हणून माझ्याकडे आली. वार जुळत नाहीत, खोडून लिहिते. शाळा तिसरीपर्यंत, तेव्हा अक्षराला कोणी हसू नये. हसणार तरी कोण म्हणा! घरात मराठी वाचणारी सून एक, ऋता, ती ऑफिसातून येते तीच दमून. आणि नात पर्णिका, नऊ वर्षांची, तिला 'ळ' दाखवला तर जिलबी म्हणते. पण काय गोड पोर आहे! नाक माझं घेतलंय. कोणी काहीही म्हणो, माझंच.

तर आज काय झालं. तिच्या टीचरने सांगितलंय, घरातल्या कुणालातरी चांगली माहीत असलेली एक नदी घ्या. तिचं मॉडेल करा, आणि त्या माणसाचं बोलणं टेपवर आणा, नाहीतर त्या माणसालाच घेऊन या. १२ मार्चला प्रदर्शन. मी तिच्यापासून हातभर लांब मटार सोलत बसले होते. पदर सारखा केला. म्हटलं, आता विचारील.

"मम्मा, पुणे आजीज् रिव्हर! द ट्राउट वन!"

झालं. पुण्याची आजी म्हणजे ऋताची आई, मृणालिनीबाई, आमच्या विहीणबाई. मटाराची टरफलं पातेल्यात आणि दाणे कचऱ्यात गेले. मी काय नदीशिवाय वाढले?

६ फेब्रुवारी, शुक्रवार

आज सुट्टी. ऋताने आईची कॅसेट काढली. कुठून? लग्नातल्या शालूच्या घडीतून! कॅसेट कुणी शालूत ठेवतं का? माझी भजनांची फ्रीजवर पडून तेलकट झालीय. आईची ही कॅसेट ऋता दिवाळीत पुण्याला गेली तेव्हा भरून आणली म्हणे.

बाईंचा आवाज म्हणजे रेडिओवर बातम्या द्यायला बसल्यासारखा. "पर्णिका बाळ, नीट ऐक हं." मग सुरू. नदीचं नाव तीर्थन, हिमाचलातली. विहीणबाईंचे मिस्टर तिकडे सरकारी इंजिनियर होते, चार वर्षं दोघं तिथे होते. ती नदी बर्फाच्या पोटातून निघते. हंसकुंड म्हणतात त्या जागेला. देवदारांच्या जंगलातून उड्या मारत खाली येते, गुशैनी नावाच्या गावाला तिला फलाचन भेटते, मग बंजार, मग लारजीला ती ब्यास नदीत जाते. पाणी एवढं गार की पाय घातला तर हाड ठणकतं. पांढरं दिसेल तिथे उथळ, हिरवं दिसेल तिथे खोल.

आणि त्यात तो ट्राउट मासा, अंगावर लाल ठिपके. गार वाहतं पाणीच लागतं त्याला. पाण्याकडे तोंड करून एकाच दगडाच्या आडोशाला उभा राहतो, नदीच त्याच्या तोंडात घास आणून घालते. माणसाची सावली पडली की पसार. म्हणून काठाने वाकून चालायचं. गळाला किडा नाही लावायचा, पिसांची खोटी माशी लावायची. थंडीत चार महिने धरायचाच नाही, अंडी घालतो.

माशाचेसुद्धा किती ते लाड. आमची माणगंगा पावसाळ्यात दोन महिने नदी असते, उरलेले दहा महिने बैलगाडीचा रस्ता. हे मी मोठ्याने बोलले नाही. पर्णिका तोंड उघडं टाकून ऐकत होती. माझ्या गोष्टीला असं तोंड उघडत नाही ती.

१० फेब्रुवारी, मंगळवार

थर्मोकोल आला, निळा चमकीचा कागद आला, गंधर्वाचं विमान उतरावं तसा हॉलभर पसारा झाला. आणि शाळेतून आली की टेप सुरू. "पर्णिका बाळ, नीट ऐक हं." दिवसातून पाच वेळा, सहा वेळा. स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं तरी ऐकू येतं. दार लावल्यावर मी कान देते ही गोष्ट वेगळी.

समोरच्या फ्लॅटमधली हव्वाबी आली होती. ही रत्नागिरीकडची, दुबईच्या या करामा भागात बावीस वर्षं झाली तरी बोलते तशीच. तिला मी त्या नदीला सगळी नावं ठेवून दाखवली. कुठे उगवते, कुठे वळते, मासा कसा आडोशाला उभा, बाई कशा शहाणपणा शिकवतात, मध्येच खोकतात कुठे, "थांब हं, पाणी पिते" कुठे म्हणतात, सगळं.

हव्वाबी चहा फुंकत ऐकत होती. म्हणाली, "शालूबाय, तुला तं समदी पाठ झालीहे गो. तू त्या बायच्या नदीत पडलीस."

मी म्हटलं, "पडते कसली, मला पोहता येतं." पण राग आला.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

पुण्याला फोन. शुक्रवारी सगळे बोलतात, शेवटी फोन माझ्याकडे येतो, उरलेल्या भाजीसारखा.

विहीणबाई म्हणाल्या, "काय म्हणता शालिनीबाई? पर्णिका कितवीत आहे आता?" चौथीत, मी सांगितलं. मग हवेचं झालं. मग म्हणाल्या, "आणि पर्णिका? कितवीत?" परत सांगितलं. फोन ठेवताना तिसऱ्यांदा! हा खोचकपणा मला कळत नाही असं वाटतं का त्यांना? म्हणजे, तुम्ही एवढ्या नातीजवळ राहता, तुम्हाला तरी माहीत आहे का, असं सुचवायचं. शिकलेल्या बायका टोमणासुद्धा प्रश्न करून मारतात.

नंतर ऋता स्वयंपाकघरात नळ मोकळा सोडून उभी. डोळे लाल. सकाळी मी तिच्या आमटीला पाणचट म्हटलं होतं, तेच धरून बसली असणार. आता आमटीला काही म्हणणार नाही. पाणचटच होती पण.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

हत्ताला गेलो, डोंगरात. इथे डोंगरातल्या कोरड्या नदीला वादी म्हणतात. पात्रात उतरले आणि माझे पाय थबकले. गोटे, वाळू, काठाला दोन-चार झुडपं, पाण्याचा थेंब नाही. हुबेहूब आमची म्हसवडकडची चैत्रातली माणगंगा! परदेशात माहेर भेटल्यासारखं झालं.

पर्णिका कुरकुरत होती, "इट्स जस्ट स्टोन्स, आजी."

म्हटलं, बस इथे. ओल कुठे असते ते नजरेला कळतं. नदीने जिथे वळण घेतलंय तिथे आतल्या बाजूला, झुडूप हिरवं असेल त्याच्या पायाशी. साडी खोचली आणि वाटीने उकरायला लागले. भानुदास लाजला, "आई, लोक बघतायत." बघू देत! वीतभर गेले, मग कोपरभर. वाळू काळी झाली, गार झाली आणि बुडाशी पाणी आलं. पहिलं गढूळ, ते फेकलं. दुसरं फेकलं. तिसरं निवळलं. आमच्याकडे याला झरा म्हणतात. सगळं बालपण मी अशा झऱ्यावर वाटीवाटीने घागर भरली.

पर्णिकाने किंकाळीच मारली. "आजी! हाऊ डिड यू नो?" बोट बुडवलं, चाखलं, बापाला ओढत आणलं. शेजारी एक पठाण ड्रायव्हर उभा होता, तोसुद्धा "माशाल्ला" म्हणाला. मला आकाश ठेंगणं झालं.

आणि परतताना गाडीत काय म्हणते? "पुणे आजी वुड लव्ह धिस. आजी, कॅन अ ट्राउट लिव्ह इन युवर होल?"

नाही गं बाई राहू शकत. माझ्या खड्ड्यात तिचा मासा मरेल.

२२ फेब्रुवारी, रविवार

डायरीत खोटं लिहायचं नाही असं ठरवलंय म्हणून लिहिते.

सकाळी घरात एकटी होते. टेप लावला. "नीट ऐक हं" आलं. बंद केला. कॅसेट काढून बघितली. वरच्या कडेचा चौकोनी दात मोडलेला होता. तो मोडला की त्या कॅसेटवर दुसरं काही भरता येत नाही, आणि त्या भोकावर चिकटपट्टी लावली की येतं. हे हव्वाबीने शिकवलेलं. औषधकंपन्यांच्या फुकटच्या कॅसेटांवर मी भजनं भरते, ती कव्वाल्या.

पर्णिकाच्या डब्यातून चिकटपट्टी घेतली. लाल बटण आणि काळं बटण एकदम दाबलं.

अर्धा तास बोलले. पर्णू, ही तुझी माणगंगा, असं म्हणून. झरा ज्याने उकरला त्याची घागर आधी, पण वाटेने जाणाऱ्याला ओंजळ नाही म्हणायची नाही, हा आमच्या गावचा नियम सांगितला. पूर आला त्या साली आमची म्हैस वाहून गेली आणि तीन कोसांवर तिची तीच उभी होती, हे सांगितलं. तुझे आजोबा मला पहिल्यांदा नदीतच दिसले, माझी घागर त्यांनी उचलून दिली नाही, नुसते बघत राहिले, तेही सांगितलं. बोलताना मजा आली. कोणी मध्ये बोललं नाही, कोणी उठून गेलं नाही.

मागाहून ठरवलं, दुसऱ्या बाजूला भरलं असं वाटलं म्हणेन. पण मला बाजू कळते. मला ठाऊक होतं. पुण्याला फोन केला की बाई दुसरी भरून पाठवतील, काय मोठंसं?

२४ फेब्रुवारी, मंगळवार

पर्णिकाने टेप लावला आणि माझा आवाज आला. तिने पुढे पळवला, मी. आणखी पुढे, मीच. कॅसेट संपेपर्यंत मी.

ऋता ऑफिसातून येऊन बूट काढत होती. एक बूट पायात तसाच. म्हणाली, "आई, ही कोणती कॅसेट आहे?" मी म्हटलं, "चुकून झालं गं." तिने कॅसेट काढली, वरची चिकटपट्टी बघितली, माझ्याकडे बघितलं. ओरडली असती तर बरं झालं असतं. आत गेली आणि दार लावलं.

भानुदास आला तेव्हा मी म्हटलं, "एवढं काय त्यात? विहीणबाईंना सांग, दुसरी भरतील."

तो माझ्यासमोर खाली बसला. "आई, दुसरी नाही होणार. ऋताच्या आईला विसरायला होतंय. डॉक्टर म्हणालेत, वाढतच जाणार. दिवाळीत त्यांना नदी सगळी आठवत होती, म्हणून ऋताने मुद्दाम भरून घेतली. आता नदी म्हटलं की विचारतात, कुठली? कॉपी काढायची, काढायची म्हणत राहून गेली."

मला पर्णिका कितवीत ते आठवलं. तीनदा.

"मला का नाही सांगितलंत?"

"तू हव्वाबीला सांगितलं असतंस. हव्वाबीने खाली राजनच्या दुकानात. आणि तू त्यांच्याबद्दल जसं बोलतेस ना आई, ऋता म्हणाली, नकोच."

जेवले नाही. कोणी जेव म्हटलंही नाही.

२५ फेब्रुवारी, बुधवार. महाशिवरात्र

उपास. सगळे तोंड मिटून. पर्णिका मॉडेलपाशी बसून होती, नदी अर्ध्यात आणि पुढे काय ते माहीत नाही. मी रताळी सोलत होते. हात चालला की माझं तोंडही चालतं, मला कळतसुद्धा नाही.

"पर्णिका बाळ, नीट ऐक हं. आपली तीर्थन नदी आहे ना, ती बर्फाच्या पोटातून निघते..."

मान वर केली तर दारात ऋता. ती म्हणाली, "पुढे?"

"पुढे काय?"

"आई, पुढे म्हणा."

मी म्हणत गेले. हंसकुंड, देवदार, गुशैनी. फलाचन भेटली. "इथे त्या खोकतात," मी म्हटलं, "मग 'थांब हं, पाणी पिते', मग भांडं वाजतं." ऋता म्हणाली, "हो. स्टीलचं. माझ्या बाबांचं भांडं ते." आणि रताळ्यांच्या परातीपाशी खाली बसली. पर्णिका धावत राजनकडे गेली आणि नवी कॅसेट आणली, पाच दिरहम, म्हणजे पन्नास-पंचावन्न रुपये झाले, पण आज मी काही बोलले नाही.

तीन वेळा भरली. पहिल्यांदा कुकरची शिट्टी आली. दुसऱ्यांदा मी आपल्या मनाने "पण आमच्या माणगंगेत" असं सुरू केलं, पर्णिकाने बटण बंद केलं आणि नुसती बघत राहिली. तिसऱ्यांदा शहाण्यासारखं एक शब्द इकडचा तिकडे न करता सांगितलं. त्या मोठ्या माशाची गोष्टसुद्धा. बाईंनी हातभर लांब मासा धरला होता, मिस्टर म्हणाले घरी नेऊ, यांनी सोडला. सोडायचा म्हणजे टाकून द्यायचा नाही, असं त्या सांगतात. दमलेला असतो तो. दोन्ही हातांत अलगद धरायचा, तोंड वाहत्या पाण्याकडे करून. घाई करायची नाही. तो आपण होऊन जातो.

आवाज मात्र माझाच. तो कुठून आणू?

१२ मार्च, गुरुवार

टीचरने कॅसेट ऐकली आणि म्हणाली, आजी इथेच आहेत तर आजींनाच बोलू दे. मी पदर सारखा केला. मराठीत बोलले, शेजारी उभी राहून पर्णिका इंग्रजीत सांगत होती. काय फाडफाड बोलते! मॉडेल तर असं की राजवाड्यात ठेवावं. बर्फाला कापूस, देवदाराला बाटल्या घासायचे हिरवे ब्रश, दगडामागे मातीचा मासा, पाण्याकडे तोंड केलेला. फक्त एका कोपऱ्यात थोडी वाळू सांडली होती आणि वाळूत बोटाने केल्यासारखा एक खड्डा होता. मी पदराने झाडायला गेले तर पर्णिकाने हात धरला, "डोन्ट टच, आजी!" घाई झाली असेल तिची, राहिलं असेल साफ करायचं.

कोणाचे तरी वडील विचारत होते, तुम्ही स्वतः धरलात का हो ट्राउट? एवढी माणसं ऐकत होती. म्हटलं, "नाही. माझ्या विहीणबाईंनी. मी त्या नदीत पायसुद्धा बुडवला नाही."

टाळ्या वाजल्या. माझ्या तोंडाला आणि त्यांच्या नदीला. असूया वाटली नाही असं लिहिलं तर खोटं होईल. वाटलीच.

१३ मार्च, शुक्रवार

पुण्याला फोन. आज मी आधी मागितला.

म्हटलं, "विहीणबाई, तुमची तीर्थन काल शाळेत गाजली."

"तीर्थन?" विहीणबाई म्हणाल्या. "ती कुठे असते?"

मी सांगायला लागले. बर्फाच्या पोटातून निघते. देवदारातून येते. पाणी पांढरं तिथे उथळ, हिरवं तिथे... थांबले. पलीकडून हळूच आलं, "खोल."

पुढे सांगितलं. गुशैनीपाशी कोण भेटते विचारलं, ते नाही आलं, मीच सांगितलं. मासा सावलीला पळतो म्हटल्यावर हसल्या, अगदी पोरीसारख्या. मग म्हणाल्या, "तुम्ही पण होतात का तिथे?"

ऋता शेजारी उभी. म्हटलं, "होते की. तुम्हीच नेलं होतंत."

"बरं झालं. मला वाटलं मी एकटीच होते." मग, "तो मोठा मासा कुणी धरला हो? तुम्ही का मी?"

अरे देवा. जीभ कशी वळवळली म्हणून सांगू. त्यांना कुठे कळणार होतं? आयुष्यात एकदा तरी तो मासा माझा झाला असता.

"तुम्ही," मी म्हटलं. "मी नुसती काठावर होते."

मग त्या बोलल्या नाहीत, पण ठेवलाही नाही. श्वास ऐकू येत होता. भानुदास खूण करत होता, मिनिटं जातायत. मी पाठ फिरवली आणि फोन तसाच कानाला धरून उभी राहिले. ठेवते असं म्हटलं नाही. थोड्या वेळाने पलीकडे त्या आपण होऊन गेल्या.

१५ मार्च, रविवार

उद्या दुपारचं विमान. व्हिसा संपला. हव्वाबीने खजूर दिले, रडली, वर म्हणाली, "तकडे जाऊन मला नावं ठेवू नको गो." ऋताने माझ्या बॅगेत स्वेटर ठेवला. पुण्याला उतरून चार दिवस विहीणबाईंकडे राहा, मग गावी जा, असं म्हणाली. आमटी सकाळी तिने माझ्याकडून करवून घेतली.

बॅग भरताना पर्णिकाच्या खणात माझा चष्मा शोधत होते. हिला चष्म्याशी खेळायची खोड. चष्मा नाही सापडला. ती कॅसेट सापडली, मी बिघडवलेली. मला वाटलं होतं एव्हाना फेकली असेल, नाहीतर वर गाणी भरली असतील. हातरुमालात गुंडाळून ठेवलीय, आईने शालूत ठेवली होती तशी. वरच्या कागदावर आधीचं नाव खोडून इंग्रजीत काहीतरी नवीन लिहिलंय, मला वाचता येत नाही.

कडेवर बोट फिरवलं. माझी चिकटपट्टी नखाने सोलून काढलीय. भोक उघडं आहे. आता तिच्यावर कोणाला काही भरता यायचं नाही.

रुमाल होता तसा गुंडाळून ठेवला. चष्मा नाकावरच होता.